पासवर्ड फाटकावर

चिपळूणच्या एका सोसायटीचे अध्यक्ष खानविलकर भर सभेत म्हणाले, "टिपणीसबाई, तुमच्या वायफायचा पासवर्ड फाटकावर लावा. येणाऱ्याजाणाऱ्यांची सोय होईल."

निवृत्त पोस्टमास्तर वत्सलाबाई टिपणीस चाचरल्या. "कुणी त्यावरून भलतंसलतं केलं, तर पोलीस माझ्या दारात येतील. कनेक्शन माझ्या नावावर आहे."

"नुसतं नाव तर तुमचं! लोकांवर एवढाही विश्वास नाही?" अध्यक्ष गरजले.

सगळ्यांच्या नजरा वळल्या. बाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यांनी पिशवीतून चार कोरे कागद काढून अध्यक्षांपुढे ठेवले.

"यांच्या तळाशी सह्या करा. पासवर्डशेजारी टांगू. वर ज्याला जे लिहायचं ते लिहील. नुसती सही तर तुमची!"

अध्यक्षांनी कागद हळूच मागे सरकवले आणि म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

सभेत असा हशा पिकला, की पुढचा विषय कुणाला ऐकूच आला नाही.