काजळीची दोरी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, पण ते लांब होते, गावाचं गावालाच बघावं लागायचं. त्या काळी हौसा नावाची एक बाई होती आणि तिच्यावर गावातल्या एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही.

ती घसा फोडून सांगत होती. धुरपदानं माझ्या काजळीचा कान पिळला म्हणून काजळी तिला चावली, एरवी माझी कुत्री कुणाच्या अंगावर जायची नाही. हे तिनं माळावर सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं. बाया मान हलवायच्या, घागर उचलायच्या आणि चालू लागायच्या.

म्हाळू मेंढका तर तिला तोंडावर म्हणाला, "हौसाबाई, दोन सालांमागं तुझ्या कुत्रीला माझी दृष्ट लागली होती. गेल्या साली कुणी तरी गूळ चारला होता. यंदा कान पिळला. आता पुढल्या सालासाठी शेपूट तेवढं राहू दे."

सगळे हसले. हौसा हसली नाही. तिनं दोरी मुठीला गुंडाळली आणि काजळीला ओढत घरी गेली.

आता हे कान आणि शेपूट काय प्रकरण होतं ते ऐका.

डोंगराच्या पायथ्याला ते गाव होतं. निम्मं गाव मेंढरं राखायचं, निम्मं शेती करायचं, आणि कुत्रं सगळ्यांच्याच दारात असायचं. सुगी आटोपली की गावाबाहेरच्या माळावर कुत्र्यांचा मेळा भरायचा. ज्यानं त्यानं आपलं कुत्रं धुऊन पुसून आणायचं, आणि कुणाचं सरस ते तिथं ठरायचं. बक्षीस म्हणाल तर पितळेची एक घंटा, तीसुद्धा वर्षानं परत द्यायची. पण घंटेसाठी कुणी येत नव्हतं. घंटा ज्याच्या कुत्र्याच्या गळ्यात, त्याच्या अंगणात त्या संध्याकाळी अख्खा मेळा जेवायचा, अशी रीत होती. भाकरी ज्यानं त्यानं फडक्यात बांधून आणायची. घरधन्यानं फक्त आमटीचं भगुणं चढवायचं.

निवाडा सिदूबाबा करायचे. दोन्ही डोळ्यांनी आंधळा म्हातारा, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. ते कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, छाती चाचपायचे, पंजे उचलून दाबून बघायचे. आणि सगळ्यात शेवटी हातपालट करायला लावायचे.

हातपालट म्हणजे मालकानं आपल्या कुत्र्याची दोरी मेळ्यातल्याच दुसऱ्या मालकाच्या हातात द्यायची, वीस पावलं लांब जायचं आणि पाठ करून उभं राहायचं. कुत्रं शांत राहिलं पाहिजे. धनी आजारी पडला किंवा मेला तर कळप थांबून राहत नाही. जे कुत्रं दुसऱ्याच्या हाताला येत नाही ते गावाच्या कामाचं नाही. इतकी साधी गोष्ट होती.

सात वर्षांपूर्वी ही घंटा हौसाच्या घरी आली होती. तेव्हा काजळीची आई चंदी जिवंत होती. हौसाचा नवरा त्याच साली गेला होता, मूलबाळ नव्हतं, दिवसभर बोलायला चूल आणि भिंत. त्या संध्याकाळी तिचं अंगण माणसांनी भरलं. कुणी मीठ मागितलं, कुणी पाट मागितला, कुणाचं पोर तिच्या पदरावरच झोपलं. शेजारच्या धुरपदानं राखेनं भगुणी घासली, आणि घासता घासता आपल्या ढेकळ्या नावाच्या आळशी कुत्र्याची अशी नक्कल केली की नवरा गेल्यापासून हौसा पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसानं अंगण झाडलं नाही. मातीत पावलांचे ठसे होते, लहान, मोठे, एकमेकांवर चढलेले. वाऱ्यानं पुसून जाईपर्यंत तिनं ते तसेच ठेवले.

आणि इथंच तिची चूक झाली. तिला वाटलं, माणसं घंटेच्या मागून आली. म्हणजे माणसं हवी असतील तर घंटा हवी.

मग तिनं काजळीला वाढवलं ते घंटेसाठीच. कुत्री खरंच देखणी निघाली. अंगानं राखाडी, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी रेघ, उभी राहिली की चारी पाय रोवून उभी राहायची. पण हौसाच्या मनात भीती बसली. ज्या माणसांनी तिचं अंगण भरलं होतं, तीच माणसं आता त्या अंगणावर टपलेली दिसू लागली. कुणी नजर लावील, कुणी काही खायला घालील. पाणवठ्यावर धुरपदा दिसली की ती दोरी आखडून घ्यायची. समोरून म्हाळू आला की दोरीचा आणखी एक वेढा मुठीला. कुणाला काजळीच्या डोक्यावर हात ठेवू दिला नाही, कुणाच्या हातचा तुकडा घेऊ दिला नाही.

"माझी काजळी परक्याच्या हातचं पाणीबी पीत नाही," असं ती ताठ मानेनं सांगायची. सांगायला समोर कुणी असेल तेव्हा.

दोन मेळे गेले. काजळी कुणाच्याही हातात गेली की अंग चोरायची, दात दाखवायची, आणि हौसा दर वेळी कुणाचं तरी नाव घ्यायची. तिसऱ्या मेळ्याला दोरी धरायला धुरपदा आपणहून पुढं आली. हौसा वीस पावलं गेली, पाठ केली, आणि मागून किंकाळी ऐकू आली. वळून बघते तर धुरपदाच्या मनगटातून रक्त.

हौसा कान पिळल्याचा आळ घेऊ लागली तेव्हा धुरपदा एवढंच म्हणाली, "मी कान धरला नाही, हौसाक्का. पाणी दाखवायला वाकले होते."

हौसानं तिचं मनगट बघितलं नाही. कुत्रीचा कान बघितला.

त्यानंतरचं वर्ष फार लांब गेलं. सणाला तिच्या दारात कुणी आलं नाही, आणि तीही कुणाच्या दारात गेली नाही. संक्रांतीला तिनं तीळगूळ केला, ताटलीत ठेवला आणि चार दिवसांनी मुंग्यांनी नेला. रोज दोन भाकऱ्या थापायच्या, एक आपली, एक काजळीची. जेवताना ती काजळीला गावाची गाऱ्हाणी सांगायची. काजळी ऐकून घ्यायची, कारण भाकरी हौसाच्या हातात असायची. अंगण रोज स्वच्छ झाडलेलं असायचं आणि संध्याकाळी तितकंच स्वच्छ राहायचं. तिच्या आणि कुत्रीच्या पावलांशिवाय त्यात काही उमटायचं नाही.

पुन्हा मेळा भरला. सिदूबाबांनी काजळीच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा हौसानं दोरी पार गळ्याशी धरून ठेवली होती. अशी कुत्री या माळावर दहा वर्षांत आली नाही, असं ते म्हणाले. मग हातपालटाची वेळ आली. दोरी धरायला कुणीही पुढं येईना. म्हाळूनं आपले हात काखेत घातले आणि म्हणाला, दोन्ही मला लागतात.

हौसा भडकली. तिनं सिदूबाबांना सगळ्यांसमोर सांगितलं, आधी गेल्या सालचा निवाडा करा. माझी कुत्री ज्यानं बिघडवली त्याचं नाव भर मेळ्यात घ्या.

सिदूबाबा म्हणाले, "घेऊ. पण नाव निघालं की त्या माणसाच्या घरी घंटा पुन्हा कधी जायची नाही. जन्मात नाही. चालंल?"

"चालंल," हौसा धुरपदाकडं बघत म्हणाली.

मग बाबांनी काजळीला समोर उभं केलं. दोरीचं टोक हौसाच्या हातात ठेवलं आणि स्वतः मधे बसून, वैद्य नाडी बघतो तशी, दोन बोटं दोरीवर ठेवली. मेळ्यातल्या सगळ्या मालकांना त्यांनी सांगितलं, एकेकानं कुत्रीसमोरून जायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही.

म्हाळू गेला, काजळी गुरगुरली. दुसरे गेले, त्यांच्यावरही गुरगुरली. धुरपदा गेली तेव्हा तर ती दात विचकून अंगावरच धावली.

"बघा," हौसा म्हणाली. "मुकं जनावर खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत," सिदूबाबा म्हणाले. मग त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि हौसाच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं.

हौसाला काही दिसेना. माळावरचा वारा तेवढा कानाला लागत होता. ती वाट बघत राहिली. कुणी येईल, काजळी गुरगुरेल, चोर कळेल. पण काजळी गप्प होती. बराच वेळ गेला. त्या अंधारात हौसाला आपल्या घरासारखं वाटू लागलं. तीच शांतता, तसंच कुणी नसणं.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, कुणी आलंच नाही."

बाबांनी मुंडासं सोडलं.

समोर दोन हातांवर धुरपदा मातीत मांडी घालून बसली होती. काजळी तिच्या लुगड्याचा काठ हुंगत होती. म्हाळू तिच्या पाठीमागं उभा होता, आणि बाकीचे सगळे त्याच्या मागं. सगळे येऊन गेले होते, आणि सगळे तिथंच होते.

हौसाची नजर धुरपदावर गेली आणि तिच्या हातानं दोरी आखडली. काजळी दचकून मागं आली आणि गुरगुरली.

हौसा आपल्या मुठीकडं बघत राहिली, जशी काही ती दुसऱ्या कुणाची मूठ होती.

"मला कोण आलं ते दिसत नव्हतं," सिदूबाबा म्हणाले. "पण मला दोरी सांगत होती. दर वेळी आधी दोरी ताणली, मग कुत्री गुरगुरली. नाव मी घेणार नाही. ज्यानं निवाडा मागितला, त्यानंच घ्यावं."

हौसा कुत्रीला घेऊन घरी निघून गेली. त्या साली घंटा ढेकळ्याच्या गळ्यात पडली, कारण तो कुणाच्याही हातात झोपून जायचा. संध्याकाळी शेजारच्या अंगणातून हसण्याचे आवाज येत राहिले. हौसा दार लावून बसली.

दुसऱ्या दिवशी धुरपदा तिच्या अंगणात आली. दहा पावलांवर बसली, फडक्यातली शिळी भाकरी काढली आणि खाऊ लागली. हौसानं तिला बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. ती फक्त एक काम करत होती. दोरी सैल धरत होती. साधं वाटतं, पण तिला घाम फुटत होता.

तिसऱ्या दिवशी धुरपदा नऊ पावलांवर बसली. सुगी आली तेव्हा ती उंबऱ्यावर बसत होती आणि काजळी तिच्या हातची भाकरी खात होती. एकदा भाकरी मोडताना तिच्या मनगटावरचा वण दिसला.

"लई दुखलं असंल," हौसा म्हणाली. विचारायला तिला वर्षाहून जास्त लागलं होतं.

"आता कुठं विचारतेस," धुरपदा म्हणाली. "भाकरी दे अजून अर्धी."

मेळा आला. काजळी तोंडावर पांढरी झाली होती, तरी चारी पाय रोवून उभी राहिली. हातपालटाला दोरी धुरपदानं धरली. हौसा वीस पावलं चालत गेली, पाठ केली, आणि मागून काहीही आवाज आला नाही. ती वळली तेव्हा काजळी धुरपदाच्या पायाशी शांत उभी होती.

सिदूबाबांनी घंटा हातात घेतली. "गेल्या सालचं एक नाव राहिलंय," ते म्हणाले. "ते निघाल्याशिवाय मला ही बांधता येत नाही."

लोक म्हणाले, जाऊ द्या बाबा, जुनं झालं. धुरपदा तर दोरी परत देता देता हौसाच्या कानाशी लागून म्हणाली, "माझं नाव घे की, हौसाक्का. मी तयार आहे. एकदा घंटा मिळाली, पुरे झालं. आमचा ढेकळ्या पुन्हा कशाला जिंकतोय? तुझं अंगण तरी भरंल."

हौसानं घंटेकडं बघितलं. सात वर्षं आणि वर आणखी दोन, एवढ्या वर्षांचं अंगण त्या पितळेत होतं. दोन अक्षरं जास्त बोलायची, धुरपदाचं नाव घ्यायचं, की आज संध्याकाळी भगुणं चढेल, पोरं पदरावर झोपतील, उद्या मातीत ठसे असतील. खरं नाव घेतलं तर जन्मात नाही.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या संध्याकाळी मेळा म्हाळूच्या अंगणात जेवला. हौसाचं अंगण पुन्हा कधी भरलं नाही, आणि काजळी घंटेविनाच म्हातारी होऊन गेली. पण त्या अंगणात रोज एका बाईची पावलं उमटायची, उजवी टाच जरा फताडी. हौसा सकाळी अंगण झाडायची ती त्या पावलांच्या कडेकडेनं.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: बरोबरीच्या प्रत्येकाला वैरी समजून जो दोरी आवळतो, तो आपलं अंगण आपल्याच हातानं रिकामं करतो.

तिकडं माळावर सिदूबाबा अजून घंटा हातात धरून होते. हौसानं काजळीची दोरी पुन्हा धुरपदाच्या हातात ठेवली, सिदूबाबांच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि वर्षभर राहिलेलं नाव घेतलं.

"हौसा."