घातलेला बूट

वैजयंता घोरपडेने पंधरा वर्षं कबड्डी खेळून दणकट पोटऱ्या कमावल्या होत्या. आता त्याच तिच्या मुळावर उठल्या होत्या. रविवारी मोटारसायकलींवरून स्पितीला निघायचं होतं, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट नसतील त्याला ग्रुप सोबत नेणार नव्हता. पुण्यातली अकरा दुकानं पालथी घालून झाली. प्रत्येक बुटाची चेन अर्ध्या पोटरीवर येऊन अडायची.

बारावं दुकान परचुऱ्यांचं. भिंतीवर पाटी होती: ‘घातलेला बूट विकत घ्यावाच लागेल.’

तिथेही चेन अडली. वैजयंता बूट काढायला वाकली, तेव्हा परचुरे गल्ल्यावरूनच म्हणाले, "पाटी वाचली नाहीत वाटतं? आमचे बूट मापातच असतात बाई, लोकांचे पाय मापाबाहेर असतात. पावती करतो."

गिऱ्हाइकं हसली. वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज खणखणीत राहिला.

"करा की. पण पाटीवर ‘घातलेला’ लिहिलंय, आणि मी अजून घालतेच आहे. तेवढी चेन वर ओढून द्या, म्हणजे घातला."

परचुरे खाली बसले. त्यांनी ओढलं, दाबलं, घामाघूम झाले. मघाशी तिला हसलेली गिऱ्हाइकं आता त्यांना हसत होती. शेवटी ते पुटपुटले, "नाही घातला जात."

"मग विकत कसला घेऊ?" म्हणत तिने बूट त्यांच्या हातात दिला.

दारात येऊन तिने पायांत चपला सरकवल्या. वाद जिंकला होता. पण वाद काही पायात घालून मोटारसायकल चालवता येत नाही.