तिकडची हवा

“चार लुगडी कशाला? तिकडं कोण तुझी लुगडी बघत बसलंय?”

“आणि तुमचं तीन पटकं? तिकडचा राजा तुम्हाला मुजरा कराय येणार हाय जणू!”

“एक भिजला तर दुसरा. दुसरा भिजला तर तिसरा. तिकडं दिसाला तीनदा पाऊस पडतो, ऐकलं न्हाईस?”

“मग डोकं घरीच ठेवून चला. भिजायची भीतीच न्हाई.”

एका गावात एक सणगर राहत होता. सणगर म्हणजे घोंगडी विणणारा. त्याचं नाव निंगाप्पा, बायकोचं नाव सत्यव्वा. दोघांचं हे भांडण आज सकाळचं नव्हतं. ते तीन दिवसांचं होतं, आणि दोघांच्या मधे पडलेली निळी बॅगही तीन दिवस तशीच आ वासून पडली होती. निंगाप्पा तिच्यात एक कपडा ठेवी, सत्यव्वा दोन काढी. मग सत्यव्वा एक ठेवी, आणि निंगाप्पा सगळीच बॅग पालथी करी. परवा निघायचं होतं.

जायचं होतं लेकीकडं. त्यांची एकुलती एक लेक महानंदा समुद्रापलीकडं, लांबच्या थंड देशात राहत होती. थंड म्हणावं तर तिकडं तेव्हा उन्हाळा होता. पण कसला उन्हाळा! सकाळी लख्ख ऊन, दुपारी पाऊस, आणि संध्याकाळी दात वाजतील असा वारा. जावई सरळ माणूस. त्यानं फोनवर समजावून सांगितलं होतं, “मामा, एकच जाड कपडा आणू नका. पातळ पातळ तीन-चार एकावर एक घाला. ऊन पडलं की काढायचे, वारा सुटला की चढवायचे.”

“बरं,” निंगाप्पा म्हणाला होता. आणि फोन ठेवल्यावर बायकोला म्हणाला होता, “मी काय कांदा हाय व्हय?”

सत्यव्वा हसली होती. हसली, कारण नवरा जावयाशी बोलला होता. आठ वर्षांत पहिल्यांदा.

आठ वर्षांपूर्वी महानंदानं आपल्या मनानं लग्न केलं. पोरगा शिकलेला, शांत, पण सणगराचा नव्हता. निंगाप्पाच्या घरात एक रीत होती. लेक सासरी निघाली की बापानं स्वतः विणलेलं घोंगडं तिच्या खांद्यावर टाकायचं. त्याच्या बापानं त्याच्या तिन्ही बहिणींच्या खांद्यावर टाकलं होतं. महानंदा निघाली तेव्हा तीही दारात येऊन उभी राहिली. बाप माग चालवत होता. तो मागाच्या खड्ड्यातून वर आला नाही. त्यानं मान वर केली नाही. आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडं फेकत राहिला. पोरगी जरा वेळ उभी राहिली आणि तशीच मोकळ्या खांद्यानं निघून गेली.

तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. सत्यव्वा आठवड्यातून एकदा फोनवर बोले. ती बोलायला लागली की पलीकडच्या खोलीत माग थांबे. तिचं बोलणं संपलं की माग पुन्हा सुरू होई. सत्यव्वाला ते कळत होतं. पण ती बोलली नाही. माणूस आपणहून वाकेल, असं तिला वाटत होतं. अशी वाट बघण्यात माणसांची अर्धी आयुष्यं जातात.

मग या वर्षी महानंदाचं काळीज अधू निघालं. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी ऑपरेशन सांगितलं. ती आईला म्हणाली, “आई, त्याच्याआधी या. दोघं या. मला अप्पांना एकदा बघायचंय.”

सत्यव्वानं हे नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. जावयानं पासपोर्टाचे कागद धाडले, निंगाप्पानं सह्या केल्या. फोटो काढायला तालुक्याला गेला, पटका नीट बांधून बसला. जावयानं तिकिटं काढली, बॅग पाठवली. सत्यव्वाला वाटलं, सुटली गाठ.

पण त्या पहिल्या वेळी निघायला दोन दिवस उरले आणि निंगाप्पा म्हणाला, “ह्या रविवारी न्हाई जमायचं.”

“का?”

“तिकडं वारा सुटलाय. माझ्याकडं वाऱ्यात घालायचं काय न्हाई.”

“तिकडं वारा सुटलाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

सांगितलं होतं जावयानंच. रोज दुपारी जेवण झालं की निंगाप्पा बायकोचा मोबाईल उचली, अंगणात कडुलिंबाखाली उभा राही आणि जावयाला एकच गोष्ट विचारी: “तिकडं आज हवा कशी हाय?” जावई सांगे. ऊन आहे मामा. ढग आलेत मामा. निंगाप्पा “बरं” म्हणून फोन ठेवी, आत येऊन बॅगेतला एक कपडा बदली.

“अवो, हवेचं काय इचारताय? पोरीचं इचारा की!” सत्यव्वा ओरडली.

“हवेचं कळलं म्हणजे कपड्याचं कळतं.”

तिकिटं आठवडाभर पुढं गेली. निंगाप्पानं बिनबाह्यांचा स्वेटर आणला, बाह्यांचा आणला, पावसाचा कोट आणला, कानटोपी आणली. मुलगी काय आजारी आहे, किती आजारी आहे, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. ऐकायचं नसलं की माणूस हवेचंच विचारतो.

आणि एका दुपारी जावयाच्या जागी महानंदानंच फोन उचलला.

सत्यव्वा दारात होती. नवऱ्याची पाठ ताठ झालेली तिनं पाहिली. फोनमधला आवाज इतका बारीक होता की तिला तो कडुलिंबापासून दारापर्यंत अर्धाच पोचला.

“अप्पा, आज ऊन हाय.”

“बरं,” निंगाप्पा म्हणाला. मग म्हणाला, “पाऊस?”

“दुपारी पडंल.”

“वारा?”

“हाय थोडा.” मग ती म्हणाली, “अप्पा, काय बी घालून या. कशात बी या.”

“बरं,” निंगाप्पा म्हणाला. फोन ठेवल्यावर तो तिथंच उभा राहिला. त्यानं डोक्यावरचा पटका काढला आणि त्याच्या पदरानं तोंड पुसलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्याच पटक्यानिशी निघाला असता. निंगाप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून धनगरवाड्यावर गेला आणि जावळाची लोकर घेऊन आला. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण. तिच्यासारखी मऊ लोकर पुन्हा त्या मेंढराच्या अंगावर येत नाही.

“हे काय?” सत्यव्वानं विचारलं.

“घोंगडं इणायचं.”

“अवो, पोरीनं घोंगडं मागितलंय का? तिनं तुम्हाला मागितलंय!”

“तिला दारातनं रिकामी धाडली मी,” निंगाप्पा म्हणाला. “आता तिच्या म्होरं रिकामाच जाऊन उभा राहू? तू राहशील. मला न्हाई जमायचं.”

इथं सत्यव्वाची चूक झाली, आणि ती तिनं पुढं कधी कुणापासून लपवली नाही. त्या घटकेला तिलाही वाटलं की घोंगडं जावं. आठ वर्षांचा उणेपणा भरून निघावा. पोरीच्या खांद्यावर बापाचा हात पडावा, आणि हातात घोंगडं असावं. ती भांडली नाही. पदर खोचला आणि चरख्यावर बसली.

दोघांनी मिळून लोकर पिंजली, सूत काढलं, उभ्या सुताचा ताणा लावला. ताण्याला चिंचोक्याची खळ लावावी लागते, म्हणजे सूत ताठ राहतं, तुटत नाही. खळ लावली की उन्हात वाळवायची. आणि उन्हानं दडी मारली. चार दिवस आभाळ भरलेलं, पाऊस नाही आणि ऊनही नाही. ताणा ओलाच. निंगाप्पा अंगणात बसून वर बघत राही. महिनाभर ज्यानं तिकडचं आभाळ विचारलं, त्याच्या डोक्यावरचं आभाळ त्याला विचारत नव्हतं.

“ओल्या सुतावर इणू नये,” तो म्हणे. “काठ वाकडा जातो.”

“जाऊ द्या वाकडा!”

“माझ्या लेकीचा काठ वाकडा जायचा न्हाई.”

तिकिटं दुसऱ्यांदा पुढं गेली. जावई फोनवर नुसतं “बरं मामा” म्हणाला. सत्यव्वाला त्याच्या आवाजातलं काहीतरी टोचलं.

“मी एकटी जाते,” ती म्हणाली.

“जा.”

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो ओल्या ताण्यावर हात फिरवत होता. माणूस आजारी लेकराच्या कपाळावर फिरवतो तसा. तिला त्याला सोडून जाववेना. एकटी जाऊन लेकीला काय सांगणार होती? की तुझे अप्पा सूत वाळायची वाट बघतायत? ती राहिली.

शेवटी ऊन पडलं. घोंगडं विणून झालं. काळंभोर, मऊ, काठ सरळ दोरीसारखा. गावातले चार सणगर येऊन हात लावून गेले. म्हणाले, असं काम हल्ली बघायला मिळत नाही. निंगाप्पानं ते घडी घालून निळ्या बॅगेत ठेवलं, आणि बॅग अर्धी भरली. वजनाची मर्यादा होती. म्हणून मग सुरुवातीला सांगितलेलं ते भांडण सुरू झालं: कुणाची लुगडी काढायची, कुणाचे पटके काढायचे, पावसाचा कोट अंगावर घालून जायचा की हातात धरून, दोन स्वेटर एकावर एक घातले तर विमानात घाम येईल की नाही. तीन दिवस ते दोघं तेवढंच बोलत होते. दोघांनाही दुसरं काही बोलायची भीती वाटत होती.

“बरं, दोन पटके,” निंगाप्पा म्हणाला. “आणि तू तीन लुगडी.”

“मी दोन घेते. तुम्ही बाह्यांचा स्वेटर घ्या. तुम्हाला छातीत गारठा बसतो.”

“मग तुझी शाल?”

“शाल अंगावर.”

अशी आता कुठं मांडवली होत होती, आणि फोन वाजला.

सकाळची वेळ होती. सकाळी जावयाचा फोन कधी येत नसे. सत्यव्वानं तो कानाला लावला. जावई सांगत होता की काल महानंदाला फार त्रास झाला. डॉक्टरांना थांबता येईना. ऑपरेशन लगेच करावं लागलं. ती त्यातून उठली नाही.

मग तो रडायला लागला. रडता रडता म्हणाला, “आत नेताना शुद्धीवर होती, मामी. मला विचारत होती, अप्पांची बॅग भरून झाली का.”

सत्यव्वानं फोन मांडीवर ठेवला. ती ओरडली नाही, ऊर बडवला नाही. तिनं नवऱ्याला सरळ शब्दांत सांगितलं. तिला दुसरं काही येत नव्हतं. “महानंदा गेली.” आणि जावयानं शेवटचं जे सांगितलं होतं, तेही सांगितलं. त्यातलाही एक शब्द कमी केला नाही.

निंगाप्पाच्या हातात बाह्यांचा स्वेटर होता. त्यानं त्याची घडी घातली. बॅगेत ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा घडी घातली. बाही आत जाईना, तर ती आत घालत बसला. त्याचे हात चालत होते आणि डोळे कुठंच बघत नव्हते. मग त्याच्या तोंडातून शब्द फुटला. गेला महिनाभर त्याला लेकीच्या घराविषयी जे एकच विचारता येत होतं, तेच बाहेर आलं.

“तिकडं आता पाऊस असंल का गं?”

सत्यव्वा त्याच्याकडं बघत राहिली. तिला त्याचा राग आला होता. तेवढाच स्वतःचा आला होता, चरख्यावर बसलेल्या स्वतःचा. आणि त्याची कीवही आली होती, आणि त्या कीवेचाही राग आला होता. भांडायला आता बरंच काही होतं. पण ती एवढंच म्हणाली:

“आता सावकाश भरा. आता कुणी वाट बघत न्हाई.”

तात्पर्य: आपल्या माणसानं बोलावलं की अंगावरच्या कपड्यानिशी उठून निघावं. तोंड दाखवायला भ्यालेला माणूस तयारी तयारी करत बसतो, आणि तेवढ्यात ते तोंड बघायला आसुसलेलं माणूस निघून जातं.