महाराजांच्या वतीने टोचलेली सुई

नीट मांडी घालून बसा, सांगतो. काटेवन नावाच्या जंगलावर एक गेंडा राज्य करायचा. आपण साऱ्या प्रजेची आई आहोत, असं त्याने गादीवर बसल्याबरोबर जाहीर केलं होतं. बाप कोण, हे विचारायची सोय नव्हती.

गेंडा रोज एकाच जागी शेण टाकायचा. सगळेच गेंडे तसं करतात, त्यात राजकारण काही नाही. राजकारण नंतर आलं. आरोग्यमंत्री तरसाने त्या ढिगाला 'राजप्रसाद' म्हटलं आणि फर्मान काढलं, की जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या नाळेला तो लावावा. द्रोणात घरपोच मिळे. द्रोणावर राजाचं हसरं चित्र असे.

पिल्लं जन्मायची, थोडे दिवस दूध प्यायची, मग त्यांचे जबडे मिटायचे. अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं आणि ती मरायची. याला धनुर्वात म्हणतात. तरस म्हणायचा, "पिल्लांची निष्ठा कमी पडली."

गोदी हरिणीचं पहिलं पाडस असंच गेलं. आता तिला पुन्हा दिवस राहिले, तशी ती जंगलाच्या नर्सकडे, साळिंदरबाईकडे गेली. अंगभर काटे असूनही बाई टोचायला उकळलेली सुईच वापरायची.

"बाई, हे तरी जगेल का हो?"

"जगेल की! तुला लस टोचायची, मध्ये महिना सोडून दुसऱ्यांदा. आईला टोचलं की पोटातल्यालाही बळ मिळतं. नाळ स्वच्छ पात्याने कापायची आणि तिला काही म्हणजे काही लावायचं नाही."

"राजप्रसाद?"

"तो दाराला लाव. दाराला नाळ नसते."

लस आली होती, पण उद्घाटनाशिवाय कुणाला टोचायची नाही असा हुकूम होता. मंडप पडला. तरस भाषणाला उभा राहिला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आईला टोचलं की लेकरू वाचतं, असं शास्त्र सांगतं. आणि आपल्या सर्वांची आई कोण?"

"गेंडामहाराज!" कोल्हे ओरडले. त्यांना त्यासाठीच पुढे बसवलं होतं.

"म्हणजे महाराजांना टोचलं, की अख्खं जंगल वाचलं! एक आई, एक सुई!"

"एक आई, एक सुई!"

गोदी उठली. "साहेब, पोट तर माझं पुढे आलंय. मग मी कोण?"

"तू लाभार्थी. खाली बस."

साळिंदरबाईने महाराजांना सुई लावली. ती वाकली. दुसरी मोडली.

"कातडी फार जाड आहे, महाराज."

"टीका सोसून सोसून झालीय," महाराज म्हणाले.

मग बाईला कानामागे एक मऊ जागा सापडली. महाराजांनी मान वळवून सुई पाहिली आणि ते सिंहासनामागे जाऊन उभे राहिले. सिंहासन लहान होतं, त्यामुळे ते सगळ्यांना दिसत होते. कोल्ह्यांना काय ओरडावं ते सुचेना. तरसाला घाम फुटला.

गोदी पुढे झाली. "महाराज, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमच्या वतीने मी टोचून घेते."

"याला म्हणतात निष्ठा!" तरस किंचाळला.

साळिंदरबाईने संधी सोडली नाही. "पण एकीने भागायचं नाही. महाराजांचा देह केवढा! सगळ्या गाभण माद्या लागतील."

"मी मोठा आहेच," सिंहासनामागून आवाज आला.

"आणि दोनदा टोचावं लागेल."

"दुप्पट मोठा आहे."

माद्यांची रांग लागली. प्रत्येकीच्या गळ्यात पाटी: 'महाराजांच्या वतीने'.

"अगंबाई, मी महाराजांची कुठली बाजू गं?" रानडुकरिणीने विचारलं.

"मागची," म्हैस म्हणाली. "मापाला बसतेस."

यथाकाळ गोदी व्याली. सासू द्रोण घेऊन हजर.

"दाराला लावा, सासूबाई."

"फर्मान आहे, बाई. आणि आमच्या वेळेपासून..."

"मागच्या खेपेला तुम्हीच लावला होतात."

म्हातारी द्रोण घेऊन वळली. बाहेर जाऊन तिने दार सारवलं, चौकट सारवली, अगदी कोपरे काढून. मग आत येऊन पाडसाच्या तोंडाशी टक लावून बसली. दिवसामागून दिवस ते दूध पीतच राहिलं. एके सकाळी पोट भरल्यावर त्याने आजीच्या नाकावर लाथ मारली. म्हातारी रडली आणि म्हणाली, "मेल्याचे पाय तरी बघा कसे मोकळे चालतात!"

त्या वर्षी एकही पिल्लू ताठलं नाही. काटेवन धनुर्वातमुक्त झाल्याची दवंडी पिटली. झाडाझाडांवर फलक लागले: 'महाराजांनी सुई सोसली, म्हणून पाडसं वाचली.' महाराजांच्या कानामागे पट्टीही बांधली होती.

पुढे निवडणूक आली. गोदी पाडसाला घेऊन मतदानाला गेली. दारावर तरस होता.

"वहिनी, तुमचं मत झालं."

"कुणी दिलं?"

"महाराजांनी, तुमच्या वतीने. तुम्ही त्यांच्यासाठी एवढी सुई घेतलीत. मग त्यांनी तुमच्यासाठी एवढाही त्रास घ्यायचा नाही?"

काटेवनात त्या दिवशी शंभर टक्के मतदान झालं. शाई मात्र एकाच खुराला लागली.