शेवटचा वाडगा

"भट्टी माझ्या हाती केव्हा देणार, उस्ताद?"

मुनीरने पुन्हा तेच विचारलं. काशान गावच्या उस्ताद नज्मुद्दीनांकडे तो सोनेरी भांडी करायला शिकत होता. नक्षी झकास काढायचा, पण गडी म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

"धुराशी तुझं जमलं की देईन," उस्ताद म्हणाले.

उस्तादांची नजर गेली होती. भट्टी ते नाकाने सांभाळत. चांदी-तांब्याच्या लेपाने रंगवलेलं भांडं धुरात कोंडलं, तरच त्याला सोनेरी झळाळी येते. उघड्या जाळात नुसता डाग उरतो.

त्या दिवशी भट्टीत एकच वाडगा होता. आकार उस्तादांच्या हातचा, नक्षी मुनीरची.

"माझा बहुधा हा शेवटचाच," उस्ताद म्हणाले. मग थांबून हुंगलं. "पोरा, धूर कमी येतोय…"

"भरपूर आहे. तुमचं नाक म्हातारं झालंय, उस्ताद."

धुराने डोळे चुरचुरतात म्हणून भट्टीचे हवेचे झरोके मुनीरनेच उघडे ठेवले होते.

भट्टी निवल्यावर वाडगा बाहेर आला, काळाकुट्ट. भट्टीतलं भांडं तसंच यायचं. ओल्या राखेने चोळलं की काजळीखालचं सोनं दिसायचं. मुनीरने काठ चोळून पाहिला. खाली मळकट तपकिरी डाग.

"कसा निघाला रे?"

"…सोन्यासारखा."

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला, की मुनीरला तिकडे बघवेना.

"आण इकडे. बाकीचा मी उजळतो."

तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसे उस्ताद वाडगा चोळू लागले.

"आता?"

"झळाळतोय."

"अजून थोडा निघेल…"

"पुरे, उस्ताद."

"शेवटचा आहे रे. काही आत राहायला नको."

राख सुकली. अंगठ्याचं साल निघालं. तरी हात थांबेना.

मुनीरने तो हात धरला.

"नका चोळू… त्यात सोनं नाहीच. झरोके मी उघडे ठेवले होते. तुमचा वाडगा मी घालवला, आणि वर खोटं बोललो."

तो ढसाढसा रडू लागला.

उस्तादांनी वाडगा खाली ठेवला. चाचपडत त्याचा चेहरा शोधला, आणि काजळी लागलेल्या बोटांनी त्याचे डोळे पुसले.

"आता धुराशी तुझं जमेल. उद्यापासून भट्टी तुझी," ते म्हणाले.