सूर्य बंद करता येत नाही

“...मग जे सोडून आलो, त्याला पुन्हा हात का लावायचा, अक्का?”

मल्लिनाथ मठाच्या ओसरीवर ताठ उभा होता. टेकडीवरच्या या लहानशा मठात येण्याआधी त्याने गावोगाव सौर पॅनेलं बसवली होती. संन्यास घेतला त्या दिवशी त्याने पाना-पक्कड नदीत सोडली. हे तो आल्यागेल्याला आवर्जून सांगत असे.

अक्का मठाच्या प्रमुख. वय झालेलं, बोलणं थोडं. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

आत खाटेवर मठाच्या आश्रयाला राहणारी म्हातारी चन्नव्वा होती. तिची फुप्फुसं थकली होती. ऑक्सिजनच्या मशीनवर श्वास चालला होता. आदल्या दिवशीच्या गारपिटीत विजेचे खांब आडवे झाले, घाटात झाडं पडली, आणि छपरावरची जुनी पॅनेलंही फुटली. मशीन आता बॅटरीवर होतं. बॅटरी उतरत चालली होती.

गारपिटीआधीच बदलायला आणून ठेवलेली नवी पॅनेलं भिंतीला टेकून तशीच उभी होती.

“खालच्या गावातून कुणी...”

“वाट बंद आहे.”

“मी शब्द दिलाय, अक्का. त्या कामाला शिवणार नाही म्हणून.”

“कुणाला दिलास?”

“...स्वतःला.”

“मोठा माणूस दिसतो.”

बॅटरी संपत आली तसा आत इन्व्हर्टर इशाऱ्याचा वाजू लागला. चन्नव्वाची लेक काशव्वा दारात येऊन उभी राहिली. नुसती मल्लिनाथकडे बघत राहिली.

अक्का उठल्या. कोनाड्यातला मठाचा पाना घेतला, पदर खोचला आणि शिडी चढू लागल्या.

“अक्का, खाली या.”

त्या चढत राहिल्या. छपरावर पोचल्या आणि त्यांनी फुटक्या पॅनेलच्या तारेकडे हात नेला.

“थांबा. फुटलं तरी उन्हात ते वीज देतं. झटका बसेल.”

“मग बंद कर.”

“बंद कसं करणार? सूर्य बंद करता येत नाही. आधी ते झाकावं लागतं.”

“कशाने?”

मल्लिनाथने अंगणात पाहिलं. ओसरीत पाहिलं...

मग तो भराभर शिडी चढला. अंगावरची भगवी छाटी उतरवली आणि फुटक्या काचेवर पसरली.

अक्कांनी पाना पुढे केला.

हात काही विसरले नव्हते. तारा सुटल्या, गंजलेले बोल्ट निघाले, जुनं पॅनेल बाजूला झालं. खालून काशव्वा आणि मठातले आचारी बसप्पा यांनी नवं पॅनेल दोराने बांधून वर दिलं. ते जुन्या यंत्रणेला झेपेल ना, हे पॅनेलच्या मागच्या पट्टीवर वाचून त्याने ते चौकटीत बसवलं, त्यावरही छाटी टाकली, तारा जोडल्या.

इन्व्हर्टरचं वाजणं आता सलग झालं होतं. बसप्पा धावत आत गेले.

मल्लिनाथने छाटीचं टोक धरलं आणि ओढलं.

पॅनेलवर ऊन पडलं.

खाली वाजणं चालूच...

“हिरवा दिवा लागला,” आतून बसप्पांचा आवाज आला. “बॅटरी भरायला लागली.”

वाजणं थांबलं. मशीनची घरघर तेवढी राहिली, एकसारखी. काशव्वा आत गेली आणि लगेच बाहेर आली. “आई पाणी मागतेय,” ती म्हणाली, आणि पायरीवर बसून हसू लागली, रडू लागली.

मल्लिनाथ छपरावर उघड्या अंगाने उभा होता. हात काळे, पोटरीवर काचेचा ओरखडा. इतक्या मोठ्याने हसताना त्याला मठात कुणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वारा आला. त्याच्या सैल हातातली छाटी उडाली आणि दरीकडे तरंगत गेली.

त्याने ती जाताना पाहिली. मग खाली वाकून तो म्हणाला, “बसप्पा, दुसरं पॅनेल वर द्या.”

पॅनेल हातात आलं तसा तो अक्कांकडे वळला.

“छाटी तर गेली, अक्का. आता हे कशाने झाकू?”

अक्का म्हणाल्या, “आता झाकण्यासारखं काय उरलंय, मल्ली?”