टिटवीच्या पिल्लाचे दोन काठ

जंगल संपून माळ सुरू होतो, तिथे एक उथळ तळे होते आणि त्या तळ्याच्या काठावर टिटवीचे एक जोडपे राहत होते. म्हणजे आधी ते एकाच काठावर राहत होते आणि मग दोन काठांवर राहू लागले. का, ते विचारू नका. टिटवीकडे त्याचे एक कारण होते, टिटव्याकडे दुसरे होते, आणि दोन्ही कारणे इतकी लांबलचक होती की ऐकणाऱ्याला मध्येच डुलकी लागे. आपल्याला एवढे कळले तरी पुरे की दोघांचे पटेनासे झाले, रोजची कुरबुर वाढत गेली, आणि एके दिवशी टिटवा उडून पलीकडच्या काठावर गेला तो राहायला परत आला नाही.

प्रश्न उरला पिल्लाचा. दोघांना मिळून एकच पिल्लू होते, मऊ पिसांचे, लांब काड्यांसारख्या पायांचे. शेवटी तळ्यावरच्या जाणत्या पाखरांनी बसून ठरवून दिले की पिल्लाने काही दिवस आईच्या काठावर राहावे आणि काही दिवस बापाच्या. तळ्याच्या मधून मातीचा एक बांध जात होता. त्या बांधावर दोघांनी यावे, पिल्लू एकमेकांच्या स्वाधीन करावे आणि आपापल्या वाटेने जावे. सगळ्यांना वाटले, झाले, मिटले.

आता टिटव्यांची एक रीत तुम्हांला सांगायला हवी. चिमणी पिल्लाला चारा भरवते तशी टिटवी भरवत नाही. तिचे पिल्लू जन्मल्याबरोबर पळू लागते आणि आपले किडे आपणच टिपते. आईबापांचे काम एवढेच, की थंडीवाऱ्यात पंखाखाली घ्यायचे आणि बाकी वेळ पहारा करायचा. घार दिसली, मुंगूस दिसले की आईबापांनी ओरडायचे, ‘टिट्-टी-टिट्!’ ही धोक्याची हाक कानी पडताच पिल्लाने असेल तिथे जमिनीला चिकटून दबायचे. मग मातीच्या रंगाचे ते पिल्लू मातीतच हरवते. हाक थांबेपर्यंत त्याने उठायचे नाही, हलायचे नाही, समोर किडा आला तरी चोच उघडायची नाही.

टिटवीला टिटवा नुसता दिसला तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती ओरडायची, “टिट्-टी-टिट्! आलास उशिरा! नेहमीचंच तुझं!” टिटवाही काही कमी नव्हता. तो पलीकडून ओरडायचा, “टिट्-टी-टिट्! पिल्लाला काल चिखलात कुणी सोडलं होतं?” टिटव्यांना रागवायला वेगळा आवाज दिलेलाच नाही. भांडायचे झाले तरी त्यांच्या गळ्यातून तीच हाक निघते. बांधावर भांडण, भांडण झाल्यावर आपापल्या काठावरून भांडण, पाण्यावरून उडता उडता भांडण. आणि पिल्लू दबलेले.

बाभळीवर एक कावळा राहत असे. त्याला ही करमणूक फार आवडे. तो टिटवीकडे येऊन म्हणे, “टिटवीताई, मी तुमच्या बाजूचा आहे बरं! काल तिकडं तुमच्याबद्दल काय काय बोलणं चाललं होतं, सांगू?” टिटवी म्हणे, “सांगा.” मग दुपारभर ती धुमसत राही. हाच कावळा संध्याकाळी पलीकडच्या काठावर जाऊन टिटव्याच्याही बाजूचा होत असे, हे तिला कोण सांगणार?

पिल्लू काही अंग धरेना. त्याच आठवड्यात जन्मलेली शेजारणीची पिल्ले पंख फडफडवू लागली होती, याची मात्र जन्माच्या वेळची लव अजून गेली नव्हती. टिटवी मनाशी म्हणाली, ‘तिकडच्या काठावर किडेच नसणार. हा त्याला उपाशी ठेवतो.’ टिटव्याला वाटत होते, इकडच्या काठावर किडे नाहीत. एकदा तर तिने पिल्लाला जवळ घेऊन बजावले, “तुझ्या बापाच्या हाकेकडे लक्ष देऊ नकोस. तो मला ओरडत असतो. तू आपलं खात राहा.” पिल्लाने मान हलवली. पलीकडे गेल्यावर बापानेही त्याला आईच्या हाकेबद्दल हेच सांगितले. पिल्लाने तिथेही मान हलवली. शहाणे पिल्लू होते, काय करणार?

एके सकाळी बांधावर पिल्लाची देवघेव होती. टिटवा उशिरा आला, म्हणून टिटवी ओरडली. ती ओरडली, म्हणून टिटवा ओरडला. पिल्लू दोघांच्या मध्ये, बांधाच्या ऐन वाटेवर दबले. कुणाच्या हाकेला दबायचे नाही हे त्याला आठवेना, म्हणून ते दोघांच्याही हाकेला दबले. तेवढ्यात म्हशींचा कळप पाण्यावर आला. म्हशींची वाट त्या बांधावरूनच होती. पुढे एक म्हातारी म्हैस होती, मागे तिच्या लेकी-सुना. धप् धप् करत खूर पडत होते आणि पिल्लू हलत नव्हते. कसे हलणार? हाक थांबली कुठे होती? आईबाप तर आता पिल्लू सोडून एकमेकांच्या डोक्यावर घिरट्या घालत होते.

म्हातारीने पुढचा पाय उचलला आणि तो तसाच हवेत धरला. तिच्या खुराच्या सावलीत काहीतरी चिमुकले धडधडत होते. ती थांबली तसा मागचा सगळा कळप एकमेकींवर आदळत थांबला. म्हशीने वर पाहून शांतपणे विचारले, “हे पिल्लू कुणाचं?”

“माझं!” दोघेही एकदम ओरडले.

“मग आधी दोघंही गप्प बसा. म्हणजे ते उठेल. माझा पाय आता दुखायला लागलाय.”

दोघे गप्प झाले. कित्येक दिवसांनी तळ्यावर शांतता झाली. एक बेडूक बोलला तोही ऐकू आला. पिल्लाने हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा. ते उठले, खुराखालून बाहेर आले, आणि आईकडे नाही, बापाकडेही नाही, सरळ वाटेतल्या शेणाकडे धावत गेले. तिथले किडे ते इतक्या अधाशासारखे टिपू लागले की पाहणाऱ्याला रडू यावे.  टिटवीला कळले की किडे दोन्ही काठांवर भरपूर होते. पिल्लाला खायला वेळच कुणी दिला नव्हता.

तो सबंध दिवस टिटवीने काही खाल्ले नाही. तिची जात मानी. आपल्या घरच्या गोष्टी चारचौघांत नेणे तिला कमीपणाचे वाटे. कावळ्याशी ती बोलायची खरी, पण ते बोलणे म्हणजे नुसते तोंडसुख होते, त्याने कुणाचे भले होत नाही. दुसऱ्या दिवशी ती चार वेळा म्हशीच्या दिशेने उडाली आणि चारही वेळा काहीतरी निमित्त काढून परत फिरली. शेवटी म्हशीनेच चिखलात बसल्या बसल्या विचारले, “पोरी, येतेस की जातेस? एकदा काय ते ठरव. मान वळवून वळवून मी दमले.”

टिटवी खाली उतरली. “म्हैसमावशी, मला काही सुचत नाही हो,” एवढेच तिला म्हणता आले आणि ती रडू लागली. मग टिटव्याचा पाढा सुरू झाला. तो असा, तो तसा, तेव्हा असे म्हणाला, तेव्हा तसे वागला. म्हैस रवंथ करत ऐकत होती. तिने ‘हो’ म्हटले नाही, ‘नाही’ही म्हटले नाही. ऊन कलले. टिटवीचे बोलणे हळूहळू संपत आले आणि तिचे तिलाच नवल वाटले की आपल्याला भूक लागली आहे.

“तुम्ही काहीच बोलला नाहीत,” टिटवी म्हणाली.

“तुझं किती खरं आणि त्याचं किती खोटं, ते मला ठरवायचं नाही,” म्हैस म्हणाली. “राग आला की रोज इथं येऊन ओत. माझे कान मोठे आहेत, त्यात पुष्कळ मावतं. पण पिल्लाच्या देखत ती हाक भांडायला वापरू नकोस. ती हाक तुझी नाही, त्याचीही नाही. ती पिल्लाची आहे.”

“पण त्याच्याशी बोलावं तर लागतंच! पिल्लाच्या पायाला लागलंय, कसं कळवू?”

म्हशीच्या पाठीवर एक पांढरा बगळा बसलेला असे, गोचिडे वेचणारा. म्हैस म्हणाली, “याच्याजवळ निरोप दे. हा कामापुरतं उचलतो, बाकीचं सोडून देतो.”

टिटवीने लगेच निरोप दिला, “बगळेदादा, त्याला म्हणावं, तुझ्यासारख्या बेफिकीर बापाला सांगून उपयोग नाही, कारण तुझं लक्ष कधीच नव्हतं, पण पिल्लाच्या डाव्या पायाला काटा लागलाय, ओल्या मातीत चालव, आणि मोठा शहाणा समजू नकोस स्वतःला.”

बगळा उडाला आणि पलीकडे जाऊन म्हणाला, “पिल्लाच्या डाव्या पायाला काटा लागलाय. ओल्या मातीत चालवा.” टिटव्यानेही भलामोठा निरोप परत पाठवला. बगळ्याने इकडे येऊन सांगितले, “बरं म्हणाले.”

पिल्लाला न्यायचे-आणायचे कामही म्हशीने अंगावर घेतले. ती रोज बांधावरून जातच होती. पिल्लू तिच्या पोटाखालून, चार पायांच्या मधून तुरुतुरु चाले. टिटवी आपल्या टोकाला बाभळीच्या सावलीत थांबे, टिटवा त्याच्या टोकाला. दोघांची गाठच पडत नसे. सुरुवातीला टिटवीचा जीव नुसता तळमळायचा. तो दिसला की ओरडायची सवय गळ्याला लागली होती. मग ती चोच घट्ट मिटून म्हशीकडे जाई आणि तिच्या कानाशी बसून मनसोक्त चरफडे. कावळा दोन-तीनदा येऊन गेला. “टिटवीताई, काल तिकडं काय झालं, सांगू?” टिटवी म्हणाली, “नको.” त्या दिवसापासून कावळ्याला ती फारच कंटाळवाणी वाटू लागली.

तळ्यावर शांतता झाली तसे पिल्लाचे पोट भरू लागले. लव झडून पंखांवर खरी पिसे आली. चार दिवस पायांवर उड्या मारून ते जरा हवेत उठू लागले.

मग एके दिवशी दुपारी पिल्लू आईच्या काठावर उघड्या माळावर किडे टिपत होते. टिटवी सूर्याकडे पाठ करून पाण्यात उभी होती. एकाएकी पलीकडच्या काठावरून हाक आली, ‘टिट्-टी-टिट्! टिट्-टी-टिट्!’

टिटवीचे डोके फिरले. इतके दिवस तिने चोच मिटून काढले आणि याने पुन्हा सुरू केले! कशाबद्दल असेल आज? तिच्या गळ्यात सगळी जुनी उत्तरे एकदम येऊन उभी राहिली. तिने आभाळाकडे पाहिले, तर उन्हाच्या झळाळीत काहीच दिसेना. पिल्लाने मान वर केली होती. ते दबले नव्हते. ते आईकडे पाहत होते. बापाच्या हाकेला दबायचे नाही, हे तिनेच शिकवले होते ना?

एक क्षण होता, फार तर. त्या क्षणात तिला टिटव्याबद्दल जे जे वाटत होते, ते सगळे खरेच होते. तो उशिरा यायचा, तो हट्टी होता, तिला त्याच्याबरोबर राहायचे नव्हते आणि ती पुढेही राहणार नव्हती. पण इतके दिवस तोही गप्प राहिला होता, आणि पिल्लाच्या देखत तो आता ती हाक उगाच देणार नाही, हेही तितकेच खरे होते.

“दब!” टिटवी ओरडली. “बाबा सांगतायत ना, दब!”

पिल्लू जमिनीला चिकटले आणि मातीत दिसेनासे झाले. पुढच्याच क्षणी सूर्याच्या अंगाने एक घार सरसरत खाली आली. पिल्लू जिथे होते तिथल्या गवताला तिचे पंख घासले. माती चाचपून ती रिकाम्या नख्यांनी वर चढली आणि जंगलाकडे निघून गेली.

पलीकडची हाक थांबली. टिटवी धावत गेली.  पिल्लू उठून अंगावरची माती झटकत होते.

“बाळा,” ती म्हणाली, “मी तुला चुकीचं शिकवलं होतं. बाबांची हाक आली की आधी दबायचं. माझ्याकडे बघायचंही नाही. कळलं?”

“कळलं,” पिल्लू म्हणाले. “तिकडं असलो की तुझ्या हाकेला दबायचं, ते मला माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“बाबांनी. आधी ते उलटं सांगायचे, पण परवा म्हणाले, तुझी हाक कधी खोटी नसते.” एवढे बोलून पिल्लू किड्यांमागे पळाले.

टिटवी बराच वेळ पलीकडच्या काठाकडे पाहत उभी राहिली. तिकडे टिटवाही तसाच उभा होता.  आणि माळावर पिल्लू पोटभर खात होते.

तात्पर्य : आईबाप वेगळे झाले तरी पिल्लाला दोघांवरही विश्वास ठेवता आला पाहिजे. आपला राग पिल्लाच्या कानात न ओतता, शांतपणे ऐकून घेणाऱ्या समंजस सोबत्याकडे घेऊन जावा. अशी मदत मागण्यात कमीपणा नाही.